जुन्या पिकअपचा रॉक क्रॉलर कसा बनतो? ताशी एक किलोमीटरही न जाणाऱ्या गाडीमागचं तंत्र

रील स्क्रोल करताना हा व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिला असेल. बॉनेट नाही, मागचा हौदा कापलेला, दरवाजांच्या जागी नुसते पाईप. अशी एक पोचे पडलेली पिकअप घराएवढ्या दगडावर चढत असते. एक चाक हवेत, दुसरं मडगार्डच्या आत पार दबलेलं. आणि गंमत म्हणजे इंजिनचा आवाज जवळपास नाहीच. गाडी मुंगीच्या चालीने वर सरकते आणि पोचते.

खाली हमखास एक प्रश्न असतो: "भाई, किती हॉर्सपॉवर आहे?"

उत्तर ऐकून बरेच जण नाराज होतील. अशा जुन्या गाड्यांमध्ये मूळचं इंजिन असेल, तर ते बहुतेक वेळा शंभर-सव्वाशे हॉर्सपॉवरच्या आतलं असतं. मग ती चढते कशी? आणि घरी पडून असलेल्या जुन्या पिकअपचं असं काही करता येईल का? आज हेच नीट समजून घेऊ. एक गोष्ट आधीच सांगतो: क्रॉलर बनवताना एक भाग मजबूत केला, की तुटण्याची पाळी पुढच्या भागावर येते. हे ज्याला कळलं त्याची गाडी बनते. ज्याला नाही कळलं त्याचे पैसे जातात, आणि कधीकधी जीवही.

रॉक क्रॉलिंग म्हणजे काय?

ऑफ-रोडिंगचे बरेच प्रकार आहेत. वाळूत आणि चिखलात वेग लागतो, कारण थांबलात की रुतलात. दगडावर उलटं आहे. तिथे वेग म्हणजे आदळणं, आणि आदळणं म्हणजे मोडणं. म्हणून क्रॉलर रांगतो. प्रत्येक चाक कुठल्या दगडावर ठेवायचं हे ठरवून, एकेक फूट पुढे.

या छंदाचं माहेर अमेरिका. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरातली रुबिकॉन ट्रेल आणि युटा राज्यातल्या मोआबचे लाल वालुकाश्म ही त्याची दोन प्रसिद्ध ठिकाणं. कॅलिफोर्नियाच्याच जॉन्सन व्हॅलीत २००७ पासून 'किंग ऑफ द हॅमर्स' ही शर्यत होते. तिथे वाळवंटातला वेग आणि दगडावरचं रांगणं दोन्ही एकाच गाडीला करावं लागतं.

टोयोटाची जुनी पिकअपच का?

अमेरिकेत क्रॉलर बनवणाऱ्यांची एक लाडकी गाडी म्हणजे १९७९ ते १९८५ मधली टोयोटाची फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप. जगात बाकी ठिकाणी हिला हायलक्स म्हणतात. 'बॅक टू द फ्यूचर' सिनेमात मार्टीला हवी असलेली काळी पिकअप आठवते? तीच ही जात.

तिच्या लोकप्रियतेची कारणं साधी आहेत.

पहिलं, पुढे सॉलिड अ‍ॅक्सल. म्हणजे डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एकच अखंड लोखंडी हाऊसिंग. एक चाक दगडावर वर गेलं की तोच अ‍ॅक्सल तिरका होऊन दुसरं चाक खाली दाबतो. १९८६ पासून टोयोटाने अमेरिकेतल्या या पिकअपला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन दिलं. रस्त्यावर आराम वाढला, पण दगडावर चालवणारे हिरमुसले. आजही काही जण नव्या पिकअपखालचं ते सस्पेन्शन काढून जुना सॉलिड अ‍ॅक्सल बसवतात.

दुसरं, इंजिन. २२आर आणि २२आरई ही २.४ लिटरची चार सिलिंडरची पेट्रोल इंजिनं साधी आणि दणकट आहेत. यातलं २२आरई जास्त चांगलं, कारण त्यात फ्युएल इंजेक्शन आहे. २२आर मध्ये कार्ब्युरेटर असतो. गाडी फार तिरकी झाली की कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि इंजिन ऐन चढावर बंद पडतं. इंजेक्शनला तो त्रास होत नाही.

तिसरं कारण सगळ्यात मोठं: तिचा ट्रान्सफर केस. त्याकडे आता येऊ.

खरी जादू: क्रॉल रेशो

सायकलवर घाट चढताना तुम्ही काय करता? गिअर हलका करता. पाय भराभर फिरतात, सायकल हळू जाते, पण चढते. पायातली ताकद तीच असते, फक्त वेग देऊन तुम्ही बळ विकत घेता. क्रॉलर हेच टोकाला नेतो.

इंजिनपासून चाकापर्यंत तीन ठिकाणी गिअर असतात: गिअरबॉक्सचा पहिला गिअर, ट्रान्सफर केसचा लो रेंज, आणि अ‍ॅक्सलमधले क्राऊन-पिनियन. या तिघांचा गुणाकार म्हणजे क्रॉल रेशो. चाक एकदा फिरायला इंजिनला किती वेळा फिरावं लागतं, तो हा आकडा.

मूळ टोयोटा पिकअपचा हिशोब साधारण असा:

३.९५ × २.२८ × ४.१० = सुमारे ३७

आता बदल करू. अ‍ॅक्सलमध्ये ५.२९ चे क्राऊन-पिनियन बसवले आणि ट्रान्सफर केसमध्ये ४.७ चा लो गिअर टाकला:

३.९५ × ४.७ × ५.२९ = सुमारे ९८

इथेच त्या ट्रान्सफर केसची खुबी कामी येते. त्यातला लो गिअरचा भाग सुटा होतो आणि अडॅप्टर लावून एकामागे एक असे दोन जोडता येतात. कॅलिफोर्नियातल्या मार्लिन क्रॉलरसारख्या कंपन्या त्यासाठी खास किट विकतात. एक २.२८ चा आणि दुसरा ४.७ चा घेतला, तर:

३.९५ × २.२८ × ४.७ × ५.२९ = सुमारे २२४

वेगाच्या भाषेत याचा अर्थ बघा. इंजिन निवांत ८०० आरपीएमवर, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही:

- मूळ गाडी, २९ इंची टायर: ताशी सुमारे ३ किलोमीटर
- ९८ चा रेशो, ३७ इंची टायर: ताशी सुमारे १.४ किलोमीटर
- २२४ चा रेशो, ३७ इंची टायर: ताशी सुमारे ०.६ किलोमीटर

शेवटचा आकडा म्हणजे सेकंदाला जेमतेम १७-१८ सेंटिमीटर. रांगणारं बाळसुद्धा पुढे जाईल! पण एवढ्या वेगात ड्रायव्हरला विचार करायला वेळ मिळतो. क्लच अर्धवट दाबून धरावा लागत नाही, त्यामुळे तो जळत नाही. उतारावर गिअरच गाडीला धरून ठेवतो, ब्रेक जेमतेम लागतो. म्हणूनच क्रॉलरवाले हॉर्सपॉवरच्या आधी रेशो विचारतात.

घरबसल्या एक उदाहरण सोडवून बघा. जीप रँग्लर रुबिकॉनच्या ऑटोमॅटिक मॉडेलमध्ये पहिला गिअर ४.७१, लो रेंज ४, अ‍ॅक्सल ४.१०. गुणाकार येतो सुमारे ७७. कंपनीच्या माहितीत हाच आकडा अभिमानाने छापलेला असतो.

टायर मोठे केले की काय बिघडतं?

नवशिक्या माणसाचं पहिलं पाऊल ठरलेलं: मोठे टायर. कारण योग्य आहे. सॉलिड अ‍ॅक्सलच्या गाडीत सगळ्यात खाली लोंबणारा भाग म्हणजे डिफरन्शिअलचा गोळा. गाडी स्प्रिंग लावून कितीही उचला, तो गोळा तिथेच राहतो, कारण तो चाकांनाच जोडलेला आहे. तो वर न्यायचा एकच सरळ उपाय म्हणजे मोठा टायर. २९ इंचावरून ३७ इंचावर गेलात की गोळा ४ इंच वर येतो.

पण याची किंमत मोजावी लागते. टायर मोठा झाला की गिअर आपोआप जड होतो. २९ चा ३७ केला की दगडावर मिळणारं बळ जवळपास २२ टक्क्यांनी घटतं. म्हणजे गिअर न बदलता नुसते टायर बदलले, तर गाडी दिसते दणकट आणि चढते आधीपेक्षा कमी. शिवाय जड चाक थांबवायला मूळचे ब्रेक अपुरे पडतात आणि ते वळवायला स्टिअरिंग. म्हणून अनेक जण हायड्रॉलिक मदतीचं स्टिअरिंग बसवतात.

टायरबद्दल अजून एक गोष्ट. दगडावर हवा कमी करतात. रस्त्यावर ३०-३५ पीएसआय असेल तर ट्रेलवर ८ ते १२ च्या आसपास. मऊ पडलेला टायर दगडाला चिकटून बसतो आणि पकड वाढते. पण इतक्या कमी हवेत टायर रिमवरून निसटू शकतो. त्यावर उपाय म्हणजे बीडलॉक: टायरची कड रिम आणि एका लोखंडी रिंगमध्ये पकडून बोल्टने आवळायची. ट्रेल संपली की रस्त्यावर येण्याआधी हवा परत भरायची, हे विसरायचं नाही.

लॉकर: हवेतलं चाक फिरतं, गाडी हलत नाही

साध्या डिफरन्शिअलचा स्वभाव असा की तो दोन्ही चाकांना सारखंच बळ देतो. वळणावर हे बरं असतं, कारण बाहेरचं चाक जास्त फिरू शकतं. पण एक चाक हवेत गेलं की त्याला फिरायला जवळपास काहीच बळ लागत नाही. मग दुसऱ्यालाही तेवढंच, म्हणजे जवळपास शून्य मिळतं. हवेतलं चाक गरागरा फिरतं आणि गाडी जागीच उभी राहते.

लॉकर दोन्ही चाकांना एकत्र बांधतो. एक हवेत असलं तरी दुसरं फिरतंच. यात तीन मार्ग आहेत. एअर लॉकर बटणावर लागतो आणि सुटतो. ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीचा प्रसिद्ध आहे. डेट्रॉईट लॉकरसारखा प्रकार आपोआप काम करतो. आणि तिसरा, गरिबाचा लॉकर: डिफरन्शिअलच्या आतले गिअर सरळ वेल्डिंग करून टाकायचे. हे खूप स्वस्तात होतं, पण मग ते कायमचं लॉक. डांबरी रस्त्यावर प्रत्येक वळणाला टायर घासतात आणि गाडी सरळ जायला बघते. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी हा जुगाड धोक्याचा आहे.

सस्पेन्शन आणि कापाकापी

चारही चाकं दगडाला टेकलेली राहावीत हे सस्पेन्शनचं काम. याला आर्टिक्युलेशन म्हणतात. मूळ पिकअपला पुढे-मागे पाटे असतात. स्वस्त मार्ग म्हणजे जास्त लांबीचे, मऊ पाटे बसवणं. महाग मार्ग म्हणजे पाटे काढून चार लोखंडी दांड्यांवर अ‍ॅक्सल धरणं, यालाच फोर-लिंक म्हणतात, आणि सोबत कॉइलओव्हर शॉक. फोर-लिंकमध्ये दांड्यांचे कोन आणि लांबी चुकली तर गाडी चढावर मागे बसते किंवा उसळते. म्हणून त्याचं गणित आधी कागदावर होतं, वेल्डिंग नंतर.

इथे अजून एक गैरसमज. गाडी जितकी उंच तितकी भारी, असं वाटतं. खरं तर उंच गाडी लवकर उलटते. जाणकार माणूस गाडी उचलण्यापेक्षा मडगार्ड कापतो, म्हणजे मोठा टायर आत मावतो आणि वजन खालीच राहतं. मागचा लांब हौदा कापून आखूड करतात, कारण उतरताना तोच दगडावर बसतो. पुढचा बंपर बारीक करतात, म्हणजे टायर सगळ्यात आधी दगडाला टेकतो. पोटाखाली जाड पत्रा आणि दरवाजाखाली मजबूत पाईप लावतात, म्हणजे गाडी दगडावर घासत सरकू शकते.

मग तुटतं काय?

आता सुरुवातीला सांगितलेल्या गोष्टीकडे येऊ. २२आरई इंजिनचा टॉर्क सुमारे १९० न्यूटन-मीटर. तो २२४ ने गुणला तर कागदावर ४२ हजारांच्या पुढे जातो. एवढं बळ दगडापर्यंत कधीच पोचत नाही. एक तर टायर घसरतो, नाहीतर मध्ये काहीतरी तुटतं.

टोयोटात पहिला बळी ठरलेला असतो: पुढच्या अ‍ॅक्सलमधला बर्फिल्ड जॉईंट. चाक वळलेलं असताना ताकद पोचवणारा हा सांधा. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, लॉकर चालू, चाक दगडांच्या फटीत अडकलेलं, आणि वरून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की कडकन आवाज येतो आणि सांधा गेला. म्हणून लोक क्रोमोलीचे मजबूत सांधे बसवतात. मग पुढच्या वेळी क्राऊन-पिनियनचे दात जातात. ते सांभाळले तर प्रोपेलर शाफ्ट पिळला जातो.

म्हणून अनुभवी माणूस मुद्दाम ठरवतो की तुटायचं असेल तर काय तुटावं. जो भाग स्वस्त आहे, बदलायला सोपा आहे आणि ज्याचा स्पेअर गाडीत ठेवता येतो, तो. डोंगरात मदत लांब असते आणि पाना आपल्याच हातात असतो.

जीव वाचवणाऱ्या गोष्टी

क्रॉलर हळू चालतो म्हणून सुरक्षित, हा भ्रम आहे. हळू गाडीसुद्धा उलटते, आणि पिकअपचं छप्पर पत्र्याचं असतं. म्हणून रोल केज हवाच. तो जाड, अखंड नळीचा असावा आणि थेट चासीशी जोडलेला असावा. नुसत्या फ्लोअरच्या पातळ पत्र्यावर वेल्डिंग केलेला केज उलटताना पत्रा फाडून आत घुसतो. सोबत चार किंवा पाच पट्ट्यांचा सीट बेल्ट. गाडी कलंडताना हात बाहेर काढून आधार द्यायचा मोह होतो. तो हात गाडीखाली येतो. हात कायम आत!

विंचचंही तसंच. ताणलेली वायर तुटली तर चाबकासारखी फटकारते. तिच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. वायरवर जाड घोंगडी किंवा डॅम्पर टाकायचा. आणि ट्रेलर ओढायच्या गोळ्याला दोर कधीच अडकवायचा नाही. तो तुटून गोळीसारखा सुटतो.

आणि खाली उभा राहून हाताने खुणा करणारा एक भरवशाचा माणूस, ज्याला स्पॉटर म्हणतात. खुणा करणारा एकच हवा. चार मित्र चार दिशांना ओरडायला लागले की गाडी पडलीच समजा.

कोणत्या क्रमाने करतात?

१. आधी जुनी गाडी नीट करणं: चासीचा गंज, ब्रेक, रेडिएटर. हळू चालताना रेडिएटरला वारा मिळत नाही, त्यामुळे कूलिंग आधी बघायचं.
२. टायर किती इंची, हे कागदावर पक्कं करणं. बाकी सगळं त्यावर ठरतं.
३. रोल केज, सीट आणि बेल्ट.
४. त्या टायरला साजेसे अ‍ॅक्सल गिअर आणि लॉकर. दोन्ही एकत्रच, म्हणजे डिफरन्शिअल दोनदा उघडावा लागत नाही.
५. अ‍ॅक्सलचे मजबूत सांधे, स्टिअरिंग, ब्रेक.
६. सस्पेन्शन आणि कापाकापी, आणि मग टायर.
७. ट्रान्सफर केस.

रीलमध्ये हा क्रम बरोबर उलटा दिसतो: आधी टायर, मग लाइट, मग स्टिकर, आणि केज "नंतर बघू".

आपल्याकडे हे चालतं का?

रस्त्यावर नाही, हे स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या कायद्यातल्या दुरुस्तीत, नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. शिवाय अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो. वडिलांच्या नावावरची पिकअप कापायला घेण्याआधी एवढं लक्षात असू द्या. केस झाली तर मालक म्हणून ती त्यांच्यावर होते.

मग जागा कुठे? खासगी जमीन, मालकाची परवानगी, आणि तिथपर्यंत गाडी ट्रेलरवर. आयोजित स्पर्धा हा दुसरा रस्ता. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये आपल्याकडच्या जिप्सी आणि जीप चिखल-ओढ्यांतून कशा जातात, ते बघण्यासारखं असतं. जिप्सी का? कारण तिलाही पुढे-मागे सॉलिड अ‍ॅक्सल आहे. आजच्या जिम्नीलाही आहे. गडाच्या वाटा, फुलांचे सडे आणि वनखात्याची हद्द मात्र सोडून द्या. तिथे टायरचा एक चर पडला तरी भरून यायला वर्षं लागतात.

कमी पैशात सुरुवात करायची असेल तर

एक दहांश आकाराचा रिमोटवर चालणारा क्रॉलर घ्या. खेळणं समजू नका. अ‍ॅक्सियल एससीएक्स१० किंवा ट्रॅक्सस टीआरएक्स-४ सारख्या मॉडेलमध्ये सॉलिड अ‍ॅक्सल, लिंक सस्पेन्शन, सगळं खऱ्यासारखंच असतं. टीआरएक्स-४ चे लॉकर तर रिमोटवरून लागतात. गच्चीवर चार विटा आणि दगड मांडा. वजन खाली ठेवलं की काय होतं, लॉकर सोडला की काय होतं, चाक कुठे ठेवावं, हे सगळं हातात येतं. उलटला तर उचलून सरळ करायचा, बस्स.

आणि पुढच्या वेळी तो पिकअपचा रील आला की हॉर्सपॉवर विचारू नका. केज चासीला जोडलाय का ते बघा, हवेतलं चाक आणि जमिनीवरचं चाक एकाच वेगाने फिरतंय का ते बघा, आणि मग विचारा: "क्रॉल रेशो किती?"